उसन्या झडपेचें आयुष्य

“किती वर्षें टिकेल?” हा प्रश्न संसारी माणसाला नवा नाहीं. तांब्याचा बंब घेतांना, घरावर कौलें घालतांना, लग्नाचा शालू पसंत करतांना तो आपण दुकानदाराला विचारतोंच, आणि दुकानदारहि हंसून एखादा आंकडा आपल्या पदरांत टाकतो. त्या आंकड्यावर आपला फारसा विश्वास नसतो; तो चुकला तर नुकसान चार पैशांचें, एवढेंच. परंतु गेल्या दोन वर्षांत आमच्या एकत्र कुटुंबावर हाच प्रश्न हृदयाच्या डॉक्टरांना दोन वेळां विचारण्याचा प्रसंग आला. दोन्ही वेळां विषय होता माणसाच्या हृदयांतील झडपेचा. प्रश्न एकच, विचारणारी माणसें तींच. पण उत्तरें मिळालीं तीं मात्र अगदीं निरनिराळीं. तीं तशीं कां, याचा शोध घेतां घेतां जें समजलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटलें. घरोघरीं वडील मंडळी आहेत, घरोघरीं लेकीसुना आहेत. हा निर्णय करण्याची पाळी उद्यां कोणावर येईल हें कोणीं सांगावें?

पहिला प्रसंग आमच्या थोरल्या काकूंचा. त्यांचें वय 73. जिना चढतांना त्यांना धाप लागूं लागली, देवापुढून उठतांना घेरी येऊं लागली, आणि एके सकाळीं तुळशीपाशीं त्या चक्क मूर्च्छा येऊन पडल्या. तपासणींत निघालें तें असें कीं, हृदयांतून महाधमनींत रक्त सोडणारी झडप वयोमानानें चुना सांचून दगडासारखी कडक झाली आहे. दुसरा प्रसंग माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचा. ती 27 वर्षांची, लग्नाला दोन वर्षें झालेलीं. लहानपणीं तिला घसा दुखून ताप आला होता, मागाहून सांधे सुजले होते. पाऊस मानवला नाहीं म्हणून आम्हीं तें सोडून दिलें. त्या तापानें सांधे सोडले, पण हृदय सोडलें नाहीं. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडप, जिला डॉक्टर मायट्रल म्हणतात, ती आकसून निकामी झाली होती. फुगा घालून ती रुंद करणें किंवा शिवून दुरुस्त करणें शक्य आहे काय हें आधीं पाहण्यांत आलें. पण झडप त्यापलीकडे गेली होती.

दोघींपुढेंहि प्राण्याच्या शरीरांतील पडद्यापासून बनविलेली झडप बसविण्याचा पर्याय ठेवण्यांत आला. “ती किती वर्षें टिकेल?” असें आम्हीं विचारलें तेव्हां काकूंच्या बाबतींत डॉक्टर म्हणाले, “या वयाला ती बहुधा जन्मभर पुरेल.” पुतणीच्या बाबतींत मात्र ते म्हणाले, “ही पुरणार नाहीं. ती पुन्हां बदलावी लागेल. दहा वर्षांनीं कीं पंधरा, कीं त्याच्याहि आधीं, तें मी आज सांगूं शकत नाहीं.”

झडप जवळजवळ तीच. मग तरुण, धडधाकट रक्ताच्या मुलीच्या शरीरांत ती लवकर कां जावी, आणि वृद्धेच्या शरीरांत अधिक कां टिकावी? व्यवहाराचा न्याय तर याच्या उलट सांगतो.

झडपेचें काम

हृदयांत चार झडपा आहेत. रक्ताला एकाच दिशेनें जाऊं देणें व उलट येऊं न देणें एवढेंच त्यांचें काम. पण तें किती वेळां करावें लागतें पाहा. मिनिटाला 70 ठोके धरले तर दिवसाला एक लाखावर, वर्षाला सुमारें 3 कोटी 68 लक्ष आणि पंधरा वर्षांत 55 कोटींहून अधिक वेळां झडप उघडते व मिटते. मूळची झडप हें सारें सोसते, कारण ती जिवंत आहे. तिच्यांतील पेशी झिजलेले तंतू काढून नवे घालीत असतात. उसनी आणलेली झडप मृत असते. तिची झीज भरून काढणारें कोणी नसतें. बसविल्या दिवसापासून ती आपल्या पुंजीवर जगते, पुंजींत भर घालूं शकत नाहीं. पुढचा सारा विचार या एका गोष्टीवर उभा आहे.

धातूकडून प्राण्याकडे

हृदयांतील झडप काढून तिच्या जागीं कृत्रिम झडप बसविण्याच्या विद्येला खरा पाया 1960 सालीं मिळाला. अमेरिकेंतील ओरेगन प्रांतांत पोर्टलंड येथें शस्त्रवैद्य आल्बर्ट स्टार व अभियंता लॉवेल एडवर्ड्स यांनीं पिंजऱ्यांत चेंडू खेळावा तशा रचनेची झडप मायट्रलच्या जागीं यशस्वीपणें बसविली. पुढें चेंडूच्या जागीं तबकडी आली, मग दोन अर्धवर्तुळाकार पाकळ्या आल्या. या यांत्रिक झडपांचा टिकाऊपणा दांडगा असतो. पण रक्ताला परक्या पृष्ठभागाचें वावडें. त्यावर तें गोठूं पाहतें. गुठळी झाली तर झडप अडकते, सुटली तर मेंदूपर्यंत जाऊन अर्धांग होतें. म्हणून अशा रोग्याला वॉरफॅरिन किंवा त्याच जातीचें रक्त पातळ ठेवणारें औषध जन्मभर घ्यावें लागतें आणि रक्त नियमानें तपासून घ्यावें लागतें. मात्रा कमी पडली तर गुठळी, अधिक झाली तर रक्तस्राव. अशा दोन कांठांमधून सारें आयुष्य चालावयाचें.

हें टाळावें म्हणून वैद्यांची दृष्टि निसर्गाच्याच झडपांकडे वळली. 1962 सालीं लंडनमध्यें डोनाल्ड रॉस यांनीं व त्याच वर्षीं न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें ब्रायन बॅरट-बॉइस यांनीं मृत माणसाची झडप जिवंत माणसाच्या हृदयांत बसविली. परंतु अशा झडपा मागणीच्या मानानें मिळणार किती? 1965 सालीं पॅरिसमध्यें झां-पॉल बिने व आलें कार्पांतिए यांनीं डुकराच्या झडपेचा उपयोग केला. ती चालली, पण थोड्याच वर्षांत अशा झडपा खराब होऊं लागल्या. शरीर परका पदार्थ ओळखून त्यावर तुटून पडत होतें.

कार्पांतिए यांनीं येथें हात न टेकतां रसायनशास्त्राची कांस धरली. कातडें कमावण्याच्या धंद्यांत ग्लुटराल्डिहाइड नांवाचें द्रव्य वापरतात. तें तंतूंना एकमेकांशीं घट्ट बांधतें. झडप या द्रव्यांत मुरविली तर तिचें परकेपण पुष्कळ अंशीं झांकलें जातें व ती चिवट बनते, असें त्यांना आढळून आलें. आपल्याकडे कमावलेल्या कातड्याची वहाण अनेक पावसाळे काढते आणि कच्चें कातडें चार दिवसांत कुजतें. त्यांतलाच हा प्रकार. 1971 सालीं इंग्लंडमधील लीड्स येथें मॅरियन आयोनेस्कू यांनीं गाईबैलांच्या हृदयाभोंवतालचें आवरण घेऊन त्याच्या पाकळ्या शिवून झडप तयार केली. प्राणिज झडपांचे दोन मुख्य प्रकार झाले ते असे. 2007 सालीं लास्कर पारितोषिक स्टार व कार्पांतिए या दोघांना मिळून देण्यांत आलें. धातूचा मार्ग व प्राण्याचा मार्ग यांपैकीं एकच खरा असें परीक्षकांना म्हणतां आलें नाहीं, यांतच पुष्कळ कांहीं आलें.

ती कां जाते?

ज्या उपायानें झडप टिकली त्यांतच तिच्या क्षयाचें एक बीज होतें. मुरविलेल्या तंतूंत ग्लुटराल्डिहाइडचे मोकळे अंश राहतात, मृत पेशींच्या वेष्टनांतील स्निग्ध द्रव्यें राहतात, आणि त्यांवर रक्तांतील कॅल्शियम येऊन बसतें. बंबाच्या आंत क्षार धरावा तसा पाकळ्यांवर चुना धरूं लागतो. त्या कडक होतात, पुरत्या उघडत नाहींत, किंवा शिवणीच्या ताणापाशीं फाटतात. आरंभींच्या कांहीं रचनांत पाकळ्या खांबांपाशीं फाटल्यामुळें त्या सोडूनच द्याव्या लागल्या.

आतां तरुणाचें कोडें सुटतें. वाढत्या व तरुण शरीरांत कॅल्शियमची घडामोड जोराची असते, परक्या पदार्थाला ओळखून विरोध करण्याची शक्तीहि तीव्र असते. म्हणजे जी तरतरी एरव्हीं तारुण्याचें भूषण, तीच या मृत पाकळीची वैरीण ठरते. लहान मुलांत तर ती फारच लवकर खराब होते. मूत्रपिंडाच्या जुन्या विकारांतहि चुना लवकर धरतो. त्यांतून जागेचा फरक आहे. मायट्रलची झडप मिटते तेव्हां तिच्यावर हृदयाच्या आकुंचनाचा सबंध दाब येतो. महाधमनीची झडप मिटते तेव्हां येणारा दाब त्याहून कमी असतो. म्हणून प्राणिज झडप मायट्रलच्या जागीं सामान्यतः कमी वर्षें चालते. आमच्या पुतणीच्या बाबतींत वय व जागा हीं दोन्ही प्रतिकूल होतीं.

आंकडे वाचावे कसे?

फ्रान्समधील तूर या गांवच्या विद्यापीठ-रुग्णालयानें 1984 पासून 2008 पर्यंत महाधमनीच्या जागीं बसविलेल्या, गाईबैलांच्या हृदयावरणाच्या एकाच जातीच्या झडपांचा हिशेब 2015 सालीं प्रसिद्ध केला. रोगी अडीच हजारांवर होते. बसवितांना ज्यांचें वय 60 किंवा त्याहून कमी होतें, त्यांच्यांत 15 वर्षांअखेर शंभरांपैकीं सुमारें 71 झडपा शाबूत होत्या, आणि 20 वर्षांअखेर सुमारें 38. साठ ते सत्तर वयाच्यांत हेच आंकडे सुमारें 83 व 60 होते. सत्तरीवरील रोग्यांत 15 वर्षांनींहि 98 झडपा शाबूत होत्या.

हे आंकडे मोठे समाधानकारक आहेत. पण ते वाचतांना दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. पहिली ही कीं, चालत्या झडपेसह जो मनुष्य अन्य कारणानें मृत्यु पावतो, तो या हिशेबांतून बाहेर पडतो. सत्तरीच्या पुढें पंधरा वर्षें किती जण गांठतात? म्हणून वृद्धांतील आंकडा चांगला दिसतो त्याला चुना सावकाश धरणें हें एक कारण आहे, आणि झडपेची पुरती परीक्षा होण्यापूर्वीं माणूस जातो हें दुसरें. दुसरी गोष्ट ही कीं, वीस वर्षांचा पुरावा नेहमीं वीस वर्षांपूर्वींच्या झडपेचाच असणार. आज बाजारांत आलेल्या नव्या झडपांत चुना धरूं नये म्हणून विशेष प्रक्रिया करतात. त्यांचे सात-आठ वर्षांचे निकाल हातीं आले असून ते आशादायक आहेत. परंतु सात वर्षें म्हणजे वीस वर्षें नव्हेत. काळाची कसोटी काळच घेतो. प्रयोगशाळेंत झडप कितीहि वेगानें उघडझांप करून पाहिली तरी मनुष्यदेहांतील चुना तेथें नसतो.

छाती न उघडतां झडप बसविण्याच्या रीतीलाहि हेंच लागू. 2002 सालीं फ्रान्समधील रुआं येथें आलें क्रिबिए यांनीं नळीवाटे झडप हृदयांत नेऊन बसविली. आतां बहुधा जांघेंतील धमनींतून ती नेतात. वृद्धांना या रीतीनें मोठें वरदान मिळालें आहे, आणि आमच्या काकूंची झडपहि अशीच बसविण्यांत आली.

“झडप कशाची?”

तारीख ठरण्यापूर्वीं काकूंनीं डॉक्टरांना एक प्रश्न विचारला, जो विचारण्याचें धैर्य आम्हां शिकलेल्या मंडळींना झालें नव्हतें. “ती झडप कशाची असते?” डॉक्टरांनीं आडपडदा न ठेवतां सांगितलें कीं, ती गाईबैलांच्या हृदयावरणाची असते, आणि तें आवरण सामान्यतः कत्तलखान्यांतून येतें. खोलींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. दुसरा मार्ग कोणता, असें काकूंनीं विचारलें. धातूच्या झडपेसाठीं छाती उघडावी लागेल, आणि या वयांत जन्मभर रक्त पातळ ठेवण्याचें औषध म्हणजे रक्तस्रावाचें भय, हेंहि त्यांनीं समजावून दिलें. काकूंनीं एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशीं पूजा आटोपल्यावर त्या म्हणाल्या, “गाईचें दूध जन्मभर प्यालें. आतां तिचें हेंहि ऋण घेतें. पण मला न सांगतां बसवली असती तर मात्र मीं तुम्हां कोणाला क्षमा केली नसती.”

याविषयीं मतें भिन्न असतील, आणि ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा हा प्रश्न आहे. परंतु एवढें मात्र निश्चित कीं, वडील माणसाला वाईट वाटेल म्हणून ही गोष्ट त्याच्यापासून चोरून ठेवण्याचा अधिकार मुलानातवंडांना नाहीं. छाती ज्याची, संमति त्याची.

दोन ऋणें

पुतणीच्या वेळीं प्रश्न याहून कठीण होता. तिला धातूची झडप बसवावी असें आम्हां वडील मंडळींचें मत जवळजवळ ठरलेलें होतें. त्याला आधारहि होता. कॅलिफोर्नियांतील रोग्यांचा एक मोठा अभ्यास 2017 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मायट्रलच्या जागीं सत्तरीपर्यंत, आणि महाधमनीच्या जागीं पंचावन्नपर्यंत, यांत्रिक झडप घेतलेल्यांत मृत्यूचें प्रमाण कमी आढळलें. अमेरिकेंतील हृदयवैद्यांच्या संस्थांचे 2020 चे मार्गदर्शनहि तरुण वयांत सामान्यतः यांत्रिक झडपेकडेच झुकतें. शिवाय अशी झडप आपल्याच देशांत होते, याचा आम्हांस अभिमान. तिरुवनंतपुरम् येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेंत डॉ. वलियाथन् व त्यांचे सहकारी यांनीं अनेक वर्षें खपून तबकडीची झडप सिद्ध केली, 1990 च्या डिसेंबरांत ती प्रथम रोग्याला बसविण्यांत आली, आणि पुढें लाखावर लोकांना तिचा लाभ झाला. सांधेतापानें तरुणपणींच झडपा गमावणाऱ्या आपल्या देशाला परवडेल अशा किंमतींत टिकाऊ झडप हवी होती, म्हणून ती यांत्रिक झाली, हें योग्यच होय.

आमची ही सारी चर्चा मुलगी कोपऱ्यांत बसून ऐकत होती. शेवटीं ती म्हणाली, “काका, तुम्ही सगळे झडप किती टिकेल तें विचारतां आहांत. मला मूल हवें आहे, तें कोणीं विचारलेंच नाहीं.”

आम्ही वरमलों. वॉरफॅरिन वारेंतून गर्भापर्यंत पोहोचतें. पहिल्या तिमाहींत त्यानें गर्भाच्या घडणींत व्यंग येऊं शकतें, आणि पुढेंहि रक्तस्रावाचें भय राहतें. त्याऐवजीं हेपॅरिनचीं इंजेक्शनें घेतां येतात, पण त्यांनीं यांत्रिक झडपेचें संरक्षण तितकें होत नाहीं. म्हणजे बाळाचें रक्षण करावें तर आईची झडप धोक्यांत, आणि झडप संभाळावी तर बाळ धोक्यांत. अशा स्त्रिया अनुभवी वैद्यांच्या देखरेखीखालीं माता झाल्या आहेत, हेंहि खरें. पण तो मार्ग अति जोखमीचा. प्राणिज झडप घेतली, आणि हृदयाची लय नियमित असली, तर आरंभींचे कांहीं महिने सोडल्यास वॉरफॅरिनची गरज बहुधा राहत नाहीं. परंतु मग दुसरी शस्त्रक्रिया ही जवळजवळ ठरलेलीच, आणि दुसऱ्यांदा छाती उघडणें पहिल्यापेक्षां अवघड असतें. जुन्या झडपेच्या आंत नळीवाटे नवी झडप बसविण्याची सोय आतां झाली आहे. मात्र पहिली झडप पुरेशा मापाची असावी लागते, नाहींतर आंतली वाट अरुंद होते.

म्हणजे दोन्ही झडपा ऋण काढूनच घ्यावयाच्या. धातूच्या झडपेचें ऋण रोज थोडें थोडें फेडावें लागतें. प्राणिज झडपेचें एका दिवशीं एकदम फेडावें लागतें, आणि तो दिवस पंचांगांत दाखविलेला नसतो. काकूंना दुसरें ऋण सोयीचें होतें, कारण फेडीचा दिवस बहुधा येणारच नव्हता. पुतणीला तो येणार हें ठाऊक होतें. तें पुरतें समजून तिनें व तिच्या यजमानांनीं प्राणिज झडप पत्करली. आमचा निर्णय निराळा झाला असता. पण आमच्या निर्णयांत तिची इच्छा मोजलेलीच नव्हती.

गेल्या वर्षीं तिची शस्त्रक्रिया झाली. ती आतां न थांबतां जिना चढते. तिनें एक वही घातली आहे. पहिल्या पानावर झडपेची जात, माप, क्रमांक व बसविल्याची तारीख लिहून रुग्णालयानें दिलेलें ओळखपत्र तेथेंच डकवलें आहे. पुढील उपचारांत हें सारें उपयोगीं पडतें. प्रत्येक वर्षाच्या सोनोग्राफीसाठीं, म्हणजे डॉक्टर जिला इको म्हणतात त्या तपासणीसाठीं, तिनें एक पान राखून ठेवलें आहे. धाप परत लागली, पायांवर सूज आली, अथवा अनेक दिवस बारीक ताप राहिला तर उशीर करावयाचा नाहीं, आणि दांत काढण्यापूर्वीं दंतवैद्याला झडपेची गोष्ट सांगावयाची, हें तिच्या सासूबाईंनीं त्या वहींत स्वतःच्या हातानें लिहिलें आहे.

वाचकांपैकीं कोणावर असा प्रसंग आलाच, तर “किती वर्षें टिकेल?” एवढेंच विचारून थांबूं नये. कोणाच्या शरीरांत, कोणत्या वयांत, कोणत्या जागीं टिकेल, आणि ती गेल्यावर पुढें काय, हें विचारावें. आणि ज्याच्या हृदयांत ती बसावयाची त्याला आयुष्यांत अजून काय करावयाचें आहे, हें सर्वांच्या आधीं विचारावें.

शेवटीं एक गोष्ट, जी लिहितांना माझा हात जड होतो. निसर्गानें दिलेल्या झडपेइतकी टिकाऊ झडप आजवर कोणीं केलेली नाहीं. ती राखण्याचा उपाय मात्र फार स्वस्त आहे. मुलाचा घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांना दाखवावें. सांधे सुजल्यास हृदय तपासून घ्यावें. आणि सांधेतापाचें निदान झाल्यास दर तीन-चार आठवड्यांचें पेनिसिलिनचें इंजेक्शन सांगितलेलीं सर्व वर्षें चुकवूं नये. वीस वर्षांपूर्वीं आमच्या घरांत हें कोणीं केलें असतें, तर ती वही घालण्याचें कारणच पडलें नसतें.